हे उतरून राहिलं का?

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला रात्री झोप येत नाही. एप्रिल लागला की आम्ही दोघं गच्चीवर झोपतो. नागपुरात आता गच्चीवर झोपणारी घरं मोजकीच उरली आहेत. लोक एसी लावून दारं-खिडक्या बंद करून घेतात, पण आईला बंद खोलीत जीव घुसमटल्यासारखा होतो. संध्याकाळी मी गच्चीवर दोन-तीन बादल्या पाणी मारतो. तापलेल्या फरशीतून वाफ निघते, मातीचा वास येतो आणि साडेनऊपर्यंत फरशी पाय ठेवण्याजोगी होते. मग सतरंजी, गाद्या, उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या. आमचं घर सोनेगावच्या बाजूला, विमानतळापासून फार लांब नाही. दीड-दोनच्या सुमारास आई कूस बदलते आणि वर बोट दाखवून विचारते, "बाबू, हे उतरून राहिलं का?"

मी फोन उघडतो. नकाशावर पिवळी विमानं मुंग्यांसारखी सरकत असतात. त्यातलं आमच्या डोक्यावरचं शोधून मी सांगतो, "नाही आई. हे अडतीस हजार फुटांवर आहे. दुबईहून निघालं, हाँगकाँगला चाललं."

"मंग जाऊ दे त्याले," ती म्हणते.

विमान कुठून आलं, कुठं चाललं, कोणत्या कंपनीचं, यातलं काहीही तिला नको असतं. ते इथं उतरणार आहे की नाही, एवढंच हवं असतं. हा नकाशा बघायला लागून मला आठ वर्षं झाली. सुरुवातीला मी वेगळ्याच गोष्टींच्या मागे होतो. हळूहळू आईचा प्रश्न माझाही झाला.

हा नकाशा चालतो कसा, ते मला अजूनही विलक्षण वाटतं. आपल्याला वाटतं, कुठंतरी मोठं रडार असेल आणि ते विमानांना शोधत असेल. प्रत्यक्षात विमान स्वतःच बोलत असतं. उपग्रहांवरून आपली जागा काढायची आणि १०९० मेगाहर्ट्झवर ती सांगत सुटायची. मी अमुक, माझी उंची इतकी, वेग इतका, मी इथं आहे. सेकंदाला साधारण दोनदा, उड्डाणापासून उतरेपर्यंत. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. ते कोणा एकाला उद्देशून नसतं, ज्याच्याकडे ऐकायला यंत्र आहे त्याने ऐकावं. तळहाताएवढा संगणक आणि वीतभर अँटेना एवढ्यावर जगभरातल्या हजारो हौशी लोकांनी आपापल्या छपरांवरून हे ऐकायला सुरुवात केली आणि ऐकलेलं एकत्र केलं. फ्लाइटरडार२४ हे त्यातलं सर्वांत माहितीतलं नाव. स्वीडनमधल्या दोघांनी २००६ साली ते सुरू केलं. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश रिकामं केलं तेव्हा जगाचं त्याच्याकडे लक्ष गेलं. उंचावरच्या विमानाचा हा संदेश जमिनीवर चारशे किलोमीटरपर्यंत पोचतो, त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. समुद्राच्या मध्यावर ऐकायला छप्पर नाही, म्हणून २०१९पासून हेच काम उपग्रहही करू लागले.

एकदा हा नाद लागला की माणूस जगातल्या काही ठराविक ठिकाणी वारंवार जाऊ लागतो. कॅरिबियनमधलं सेंट मार्टेन सगळ्यांना माहीत असतं. तिथे माहो नावाच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून विमानं धावपट्टीला टेकतात. नेपाळमधलं लुक्ला, जिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची आणि चढाची आहे. स्कॉटलंडजवळचं बारा बेट, जिथे विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं आणि वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं. त्याच देशाच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण, पावणेतीन किलोमीटरांचं, दीड-दोन मिनिटांत संपणारं. ही सगळी मी पाहिली आणि मला आवडलीही. बाराची गोष्ट आईला सांगितली तर ती म्हणाली, "म्हणजे चतुर्थी पाहून विमान सोडतात म्हण नं." पण तिथे आधीच गर्दी झालेली असते. मोठ्या माणसांच्या विमानांमागेही अशीच गर्दी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला निघाल्या तेव्हा त्यांच्या विमानावर २९ लाखांहून जास्त लोकांची नजर होती. पुढच्याच महिन्यात एलिझाबेथ राणीची शवपेटी एडिंबरोहून लंडनला नेणाऱ्या विमानामागे जवळपास पन्नास लाख लोक होते. मीही होतो. पण त्या रात्री मला बघायचं होतं ते दुसरंच.

मला ओढतात ती मधली ठिकाणं. कोणी तिथे जायला निघत नाही, पण जाता जाता जी लागतात. नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे शून्य मैलाचा दगड आहे. वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे. देशाचा मध्य इथे आहे असं आम्ही लहानपणापासून पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो. खरं तर तो दगड इंग्रजांच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा. त्यावर १९०७ साल आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत. आमचं गाव मध्यावर आहे याच्यापेक्षा ते किती उंचावर आहे, हे सांगायला तो उभा केला. त्यावर गावांची नावं आणि मैल आहेत. कवठा, हैदराबाद, चांदा, राजपूर, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल. दिल्ली नाही, मुंबई नाही, कलकत्ता नाही. ज्यांनी ही यादी केली त्यांना नागपूर हे चांद्याहून सिवनीला जाताना लागणारं गाव वाटत असावं. तेच मला खरंही वाटतं आणि आवडतंही.

जगाच्या नकाशावर आणखी एक शून्य आहे. विषुववृत्त आणि ग्रीनिचची रेखा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. तिथे जमीन नाही. जवळपास पाच किलोमीटर खोल पाणी आणि त्यावर अनेक वर्षं नांगरून ठेवलेला, हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता ठोकळा, एवढंच. नोंदी घेणाऱ्या या मालिकेतल्या ठोकळ्यांना संगीतप्रकारांची नावं दिली आहेत आणि याचं नाव 'सोल'. नकाशांवर काम करणारे लोक या जागेला 'नल आयलंड' म्हणतात, शून्याचं बेट. कारण संगणकाला एखाद्या वस्तूची जागा कळली नाही की तो तिथे शून्य, शून्य भरतो आणि ती वस्तू थेट या पाण्यात जाऊन पडते. हरवलेले पत्ते, चुकलेले फोटो, घरांच्या नोंदी, सगळं तिथे गोळा होतं. टपाल खात्यात ज्या पत्रांना पत्ता नसतो त्यांचंही एक वेगळं ऑफिस असतं, हे मला आबाजींमुळे माहीत होतं.

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. ते रेल्वे टपाल सेवेत, म्हणजे आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते. जानेवारी १९४९ मध्ये त्यांची ड्यूटी रेल्वेच्या डब्यातून सोनेगावच्या विमानतळावर आली.

हे पुढच्या पिढ्यांना माहीतही नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्वातंत्र्यानंतर दीड वर्षात, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. कल्पना इतकी साधी की ऐकताना वाटतं, हे तर कोणालाही सुचलं असतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. चारही मध्यरात्रीनंतर नागपूरला उतरायची. इथून ही चार शहरं सरळ रेषेत ७०० ते १००० किलोमीटरच्या आत आहेत, डाकोटासारख्या विमानाला एका रात्रीत येऊन परत जाण्याजोगी. दिल्लीच्या विमानातून मद्रासच्या थैल्या उतरवायच्या, मद्रासच्या विमानातून कलकत्त्याच्या, आणि ज्याची त्याला चढवायच्या. पहाटेच्या आत चारही विमानं आपापल्या शहरी परत. संध्याकाळी मद्रासला पेटीत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. त्याच वर्षी एप्रिलपासून हवाई टपालाचा वेगळा आकार न लावता पत्रं विमानाने जाऊ लागली, म्हणजे साध्या माणसाचं साधं पत्रही रात्री नागपूरवरून उडायचं. विमानात मागे थोडे प्रवासीही असत, थैल्यांच्या सोबतीने.

चार शहरांतल्या कोणालाही नागपुरात काम नव्हतं. तरी रोज रात्री दोन-तीन तास देशाचा सगळा पत्रव्यवहार आमच्या गावात, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात, लांब लाकडी बाकांवर पडलेला असायचा.

आई तेव्हा आठ वर्षांची होती. आबाजींचं घर विमानतळाच्या बाजूला, कौलारू, मागे चिंचेचं झाड. आबाजी रात्री दहाला सायकलवर निघायचे, डब्यात भाकरी आणि झुणका. आजी लवकर झोपून जायची. आई मात्र अंथरुणात पडून मोजायची. एक. मग बऱ्याच वेळाने दोन. तीन. डाकोटाची दोन इंजिनं एकमेकांत मिसळून जो आवाज करतात तो तिला अजून काढून दाखवता येतो, ओठ मिटून, नाकातून. चौथं उतरलं की ती झोपायची. कारण चारही आली तरच थैल्या वेळेवर बदलणार आणि बाबा उजाडता उजाडता घरी येणार. एक विमान अडकलं की बाकीची तीन त्याच्यासाठी थांबून राहायची. एखाद्या पावसाळी रात्री तीनच यायची. मग ती खिडकीशी बसून राहायची आणि आजी सकाळी तिला तिथेच झोपलेली पकडायची.

डिसेंबर १९५३ मध्ये एका पहाटे मद्रासकडे निघालेलं डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं. जवळजवळ सगळे गेले, पायलट वाचला. थैल्या चढवणाऱ्यांत आबाजी होते. त्या सकाळी ते घरी आले, विहिरीवर अंघोळ केली आणि दोन दिवस बोलले नाहीत, एवढंच आई सांगते. त्यापुढे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

पुढे डाकोटांच्या जागी मोठी स्कायमास्टर आली. मग विमानांचा पल्ला वाढला, शहरं एकमेकांशी थेट जोडली गेली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही सेवा बंद झाली. आता कोणालाच मध्ये थांबायची गरज उरली नाही. आबाजी त्याआधीच निवृत्त झाले होते. लाखेचा चटका बसलेला त्यांचा अंगठा मला आठवतो. माझी नखं बघायला माझा हात हातात घ्यायचे तेव्हा तो खरखरीत लागायचा.

हे सगळं डोक्यात असताना मी नकाशावर पहिल्यांदा गँडर पाहिलं तेव्हा मला ते नवं गाव वाटलंच नाही. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलँड नावाचं मोठं बेट आहे, त्यावरचं हे छोटं गाव. तिथला विमानतळ १९३८ साली सुरू झाला. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांच्या टाक्या तेव्हा लहान होत्या. अमेरिकेहून निघून गँडरला तेल भरायचं, समुद्र ओलांडायचा आणि पलीकडे आयर्लंडमधल्या शॅननला उतरायचं. शॅननलाही कोणाचं काम नसायचं. तिथे थांबलेल्या प्रवाशांचं करायचं काय, या विचारातून १९४७ साली जगातलं पहिलं करमुक्त विमानतळ दुकान सुरू झालं. मग जेट विमानं आली आणि गँडरवरून सगळे न थांबता उडू लागले.

पण नकाशावर गँडर गेलं नाही. सकाळी सात-साडेसातला, मी चहा घेतो त्या वेळी, अटलांटिकवर बघावं. अमेरिकेतून रात्री निघालेली शेकडो विमानं रांगेने युरोपकडे चाललेली दिसतात, पाच-सात समांतर रेषांवर, ओवलेल्या मण्यांसारखी. या वाटा कायमच्या नसतात. वरच्या वेगवान वाऱ्याचा अंदाज घेऊन त्या रोज नव्याने आखतात. जाताना वारा पाठीशी घ्यायचा, परतताना टाळायचा. अर्ध्या समुद्रापर्यंत विमानं गँडरच्या ताब्यात असतात, तिथून पुढे शॅनविकच्या, म्हणजे शॅनन आणि प्रेस्टविक या दोन गावांची नावं जोडून केलेल्या केंद्राच्या. विमानं थांबायची बंद झाली, पण वर जाताना नाव अजून त्याच गावांचं घेतात.

आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी ती परत थांबली. अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा समुद्रावर अर्ध्या वाटेत असलेल्या विमानांपैकी ३८ मोठी विमानं गँडरला उतरली. साडेसहा हजारांहून जास्त माणसं, आणि गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास. त्यांनी शाळा उघडल्या, सभागृहं उघडली, घरून अंथरुणं-पांघरुणं आणली आणि चार-पाच दिवस या लोकांना सांभाळलं. ते गाव हे करू शकलं, कारण त्याच्याकडे एवढ्या मोठ्या विमानांना पुरेल असा जुना विमानतळ होता. त्या जुन्या धावपट्टीला त्याआधीच्या चाळीस वर्षांत कोणीतरी बिनकामाची म्हटलं असेलच.

त्याच्या अडीच आठवडे आधी, २४ ऑगस्टला, टोरोंटोहून लिस्बनला चाललेल्या एका एअरबसमधलं इंधन गळून गेलं. अटलांटिकवर आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. ३०६ माणसांना घेऊन ते विमान सुमारे एकोणीस मिनिटं नुसतं तरंगत आलं आणि अझोर्स बेटांतल्या लाजेसच्या धावपट्टीवर उतरलं. सगळे वाचले. लाजेस हे नाव मी नकाशावर शोधलं तेव्हा मला त्याच्याभोवती कित्येक तास फिरत राहावंसं वाटलं. महासागरात दोन इंजिनांची विमानं मनाला येईल तिथून उडवत नाहीत. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत कुठंतरी असावाच लागतो, असा नियम आहे. म्हणून लाजेस, पॅसिफिकमधलं मिडवे, ईस्टर बेट अशी नावं रोज शेकडो पायलटांच्या कागदांवर लिहिलेली असतात, तिथे उतरण्याची वेळ कधीच न येवो या इच्छेसह. तिथले लोक धावपट्टी झाडून ठेवतात, दिवे लावून ठेवतात.

याच्या उलट, मध्ये कोणीच नसल्यामुळे रिकामी राहिलेली जागाही नकाशावर ठळक दिसते. आपल्या उत्तरेला बोट फिरवून बघा. हिमालयाच्या पलीकडे तिबेटच्या पठारावर विमानं फार कमी, सगळी वळसा घालून जातात. अनेकांना वाटतं की विमानाला तेवढं उंच जाता येत नाही. विमान आरामात जातं. अडचण खाली येण्याची आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर पायलटला तातडीने दहा हजार फुटांवर यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन साधारण बारा-पंधरा मिनिटंच पुरतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरांवर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या आसपास. श्वास घेण्याइतकं खाली यायला तिथे जागाच नाही. आईला हे सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "उतरता येत नसन तिथून कायले जावं माणसानं."

युक्रेनवरचा रिकामा चौकोन मात्र निसर्गाने केलेला नाही. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटेपासून तो तसाच आहे, चहूबाजूंनी गजबज आणि मध्ये काही नाही. मी त्याच्याकडे फार वेळ बघू शकत नाही. त्यानंतर रशियाचं आकाशही अनेकांना बंद झालं आणि हेलसिंकीहून टोकियोला जाणारी विमानं उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. नऊ तासांचा प्रवास तेरा तासांचा झाला.

आणि असंच रिकामं आकाश मी माझ्या गच्चीवरून पाहिलं आहे. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली विमानं बंद होती. रात्री नागपूरवर दिल्ली-बंगळुरू, मुंबई-कोलकाता, आखातातून पूर्वेकडे असा जो चौक असतो, तो ओसाड पडला. क्वचित एखादं मालवाहू विमान सरकायचं. त्या वर्षी आई वर बोट दाखवायची नाही, दाखवायला काही नसायचंच. पण त्याच दिवसांत देशाच्या मधोमध उत्तर-दक्षिण जाणारा आमचा महामार्ग चालणाऱ्या माणसांनी भरला होता. हैदराबादकडून आलेली, मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशकडे निघालेली, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. नागपूर हे त्यांचंही मधलं गाव होतं. वर्धा रोडवर लोक पाणी, पोळी-भाजी, चपला घेऊन उभे राहिले. आईने आठवडाभर रोज पन्नास पोळ्या लाटल्या, तेव्हा ती एकोणऐंशीची होती. मी त्या नेऊन द्यायचो. एका माणसाने मला विचारलं होतं की इथून सिवनी किती. मला शून्य मैलाच्या दगडावरचा मैलांचा आकडा आठवत होता आणि तो तोंडातून निघेना.

सेंट हेलेना हे माझं सर्वांत लाडकं ठिकाण. दक्षिण अटलांटिकमधलं एकटं बेट, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळपास दोन हजार किलोमीटर. नेपोलियनला तिथे ठेवलं होतं आणि १८२१ साली तो तिथेच गेला. वस्ती साडेचार हजारांच्या आतबाहेर. परवापर्यंत तिथे जायला केपटाउनहून पाच दिवसांचा बोटीचा प्रवास होता आणि त्या बोटीचं नाव आर.एम.एस. सेंट हेलेना. तिथे आर.एम.एस. म्हणजे रॉयल मेल शिप, टपालाची बोट. मला ते कळलं तेव्हा आबाजींच्या कोटावरचा पितळी बिल्ला डोळ्यांसमोर आला. बेटावर विमानतळ बांधायला सपाट जागा नव्हती, म्हणून एक अख्खी दरी दगडांनी भरून धावपट्टी केली. २०१६ साली ती तयार झाली आणि मग कळलं की कड्यावरून वारा असा काही उलटतो की मोठी विमानं सुखरूप उतरवणं अवघड. वर्षभर सगळं थांबलं. शेवटी १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान आलं, लहान आकाराचं एम्ब्रेअर. टपालाची बोट पुढच्या वर्षी बंद झाली.

आता आठवड्यातून एखाद-दुसरं विमान जातं. ज्या दिवशी ते असतं त्या दिवशी मी ऑफिसातून आल्यावर बघतो. निळ्या समुद्रावर एकच पिवळा ठिपका, मागे-पुढे कोणी नाही. तो बेटाच्या जवळ येतो, उंची कमी होत जाते, आणि त्या वेळी मला खरोखर धडधडतं. वारा बरा असेल ना. एकदा तो परत फिरलेला मी पाहिला आहे. त्या रात्री बेटावर किती घरांत जेवणाचं ताट झाकून ठेवलं गेलं असेल.

आमच्या विमानतळावरही एक जण कायमचा उतरला होता. १९९१ साली तातडीने उतरवलेलं एक जुनं बोइंग ७२० धावपट्टीपासून जवळच उभं राहिलं आणि मालक ते न्यायला आलेच नाहीत. चोवीस वर्षं ते तिथे होतं. रंग उडाला, चाकांत गवत वाढलं. मुंबईच्या विमानात बसलं की मी खिडकीतून त्याला बघून घ्यायचो, घरच्या माणसाला हात करावा तसं. २०१५ साली ते ओढून एका कोपऱ्यात नेलं. आईला २०१२ साली पुण्याला नेलं, तिचा पहिला विमानप्रवास. तिला ते मी मुद्दाम दाखवलं. ती काचेला नाक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "याची वाट पाहणारं कोणी असन नं रे कुठं."

आता विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक वसाहतीत मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे, बोइंगने बांधून दिलेला. तिथे येणारी प्रचंड विमानं प्रवाशांशिवाय उतरतात, महिना-पंधरा दिवस राहतात आणि जातात. अशी आली की मी आईला उठवून दाखवतो. ती बघते, पण तिचं समाधान होत नाही. रिकामं विमान तिच्या लेखी उतरलेलं नसतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पारा चव्वेचाळीसच्या वर होता, रात्री दोन वाजताही वारा नव्हता. आई जागी, मी अर्धवट झोपेत. सवयीने फोन उघडला तर बालाघाटच्या वर एक विमान पिवळ्याचं लाल झालेलं. आग्नेय आशियातून आखाताकडे चाललेलं मोठं विमान. लाल होणं म्हणजे पायलटने आणीबाणीचा क्रमांक लावला. त्याची सरळ रेघ वाकत होती. सदतीस हजार, तेहतीस हजार, अठ्ठावीस.

मी उठून बसलो. आईने विचारलं, "काय झालं?"

"आई, एक उतरून राहिलं."

ती स्वतःच्या हाताने उठली, कठड्यापाशी आली आणि तिथली लोखंडी नळी धरून उभी राहिली. गुडघ्यांमुळे ती एरवी आधाराशिवाय उठत नाही. मी खुर्ची आणून दिली, तिने घेतली नाही. मी आकडे वाचत होतो, ती आकाशात बघत होती. मग लांब एक दिवा दिसला, न लुकलुकणारा, मोठा होत जाणारा. नंतर आवाज आला. डाकोटाचा तो आवाज नव्हे, पण आईने मान हलवली, ओळखीचं काही ऐकल्यासारखी. विमान इमारतींच्या आड खाली गेलं. थोड्या वेळाने ब्रेक लावल्याचा तो लांबलेला गडगडाट, आणि मग कुंपणापलीकडून ॲम्ब्युलन्सचा आवाज. आत कोणाच्या तरी छातीत दुखत होतं, हे दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींत आलं. त्या माणसाला नागपूर नावाचं गाव आहे हे कदाचित तोवर माहीतही नसेल.

आई परत येऊन गादीवर बसली. तांब्यातलं पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं.

"एक झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी जागाच राहिलो. विमानाचा ठिपका धावपट्टीच्या टोकाशी राखाडी होऊन थांबला होता. चार वाजून गेल्यावर तो हलला, पिवळा झाला आणि पश्चिमेकडे निघाला. आई गाढ झोपली होती. मी तिला उठवलं नाही.